खरा वार

"हे छप्पर नाही, ही फळी झाली," सर म्हणाल्या, आणि हातातली वर्तमानपत्राची सुरळी त्यांनी डब्याने डोक्यावर उचललेल्या हातावर अलगद ठेवली. सुरळी तिथेच विसावली. "बघ. सामान ठेवायची सोय झाली. आणखी चार भांडी बसतील."

मुलं खिदळली. डबा म्हणजे वर्गातला सगळ्यात गोल मुलगा, आणि हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं, दुसऱ्यांनी काही वाईट ठेवायच्या आत. तोही हसला आणि हसताना सुरळी पडली.

"हसून पाडलीस ते चालायचं नाही. कोपर खाली, मूठ वर. कपाळापासून मूठभर पुढे. मनगट शेवटी फिरव, आधी नाही. हां, आता झालं छप्पर." सरांनी पुन्हा सुरळी ठेवली आणि ती त्याच्या उतरत्या हातावरून घरंगळत कोपरापाशी खाली गेली. "वार असा घसरून गेला पाहिजे. अडवायचा म्हणजे झेलायचा नाही रे बाळा. त्याला बाहेरची वाट दाखवायची."

सर म्हणजे बाई होत्या. शाळेत त्यांच्या आधी कराटे शिकवायला खरोखरचे सर होते. ते गाव सोडून गेले तेव्हा त्यांची सगळ्यात जुनी शिष्या त्यांच्या जागी उभी राहिली, आणि पोरांनी नाव बदलायचे कष्ट घेतले नाहीत. कराटेचे सर ते सर. "सर आल्या," "सर चिडल्यात," असं शाळाभर बिनदिक्कत चालायचं. घरी फोन आला की त्यांचा नवराही गंभीर आवाजात सांगायचा, "मी सरांचा नवरा बोलतोय, सर कपडे वाळत घालतायत."

त्या या विद्येत शिरल्या त्याही अशाच, मागच्या दाराने. मुलाला क्लासला घेऊन यायच्या आणि बाकावर बसून लोकांच्या पडद्यांना दुमडी घालत बसायच्या. पडदे शिवण्याच्या कारखान्यात त्या तेव्हाही होत्या, आजही आहेत. एक दिवस ते जुने सर म्हणाले, बसून पाठ मोडण्यापेक्षा मागच्या रांगेत उभ्या राहा. मुलाने दोन महिन्यांत क्लासला रामराम ठोकला. आई मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आली, आणि मग रांगेसमोर.

वर्ग भरायचा शाळेच्या जेवणाच्या दालनात. टेबलं भिंतीला लावायची, सांडलेलं पुसायचं, चपलाबूट दाराबाहेर काढायचे. दालनाला कायम उकडलेल्या बटाट्याचा वास. सर म्हणायच्या, वास विसरायला लावेल असं काम केलं की काम चांगलं झालं म्हणायचं.

शिकवणं त्यांचं थोडंच होतं, पण पक्कं होतं. डोळे मिटायचे नाहीत. डोळे मिटले की वार तुमचा राहिला नाही, नशिबाचा झाला. आणि दुसरं, खोटा वार करायचा नाही. नवी पोरं जोडीने सराव करताना एकमेकांना जपायला जातात. मैत्रिणीच्या कपाळावर मारायचं सोडून तिच्या कानाशेजारच्या हवेला मारतात. मैत्रीण हात वर करते, काहीच लागत नाही, दोघी खूश. सरांना याच्याइतका राग कशाचाच यायचा नाही.

"ही माया नाही, ही फसवणूक आहे," त्या सांगायच्या. "उद्या कोणी खरंच हात उगारला तर ही मार खाईल, आणि मार खाताना मनात म्हणेल, मला तर येत होतं. नेम खरा, जोर मापाचा. मैत्रिणीवर विश्वास ठेवून तिच्या कपाळावर मारा."

एवढं सगळं सुरळीत असताना गेल्या काही महिन्यांत वर्गाला एक विचित्र खोड लागली होती. शेवटी 'गोल' व्हायचा. सर मधे उभ्या राहायच्या, मुलं भोवती, आणि कोणीही कुठूनही पुढे येऊन सुरळीने वार करायचा. सरांनी तो अडवायचा. वर्षाच्या कार्यक्रमात पालकांसमोर शेवटी हेच दाखवायचं असे, आणि इतक्या वर्षांत गोलात सरांना एकही सुरळी लागली नव्हती. पालक त्यासाठीच थांबायचे. पण हल्ली काही मुलं वार करण्याआधी पाय आपटायला लागली होती. धप्, आणि मग सुरळी.

सुरुवात केली होती पेन्सिलने. पेन्सिल आठवीत होती. उंच, काटकुळी, कमी बोलणारी, आणि वर्गातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. म्हणूनच सरांना जास्त लागायचं.

"चोर काय दारावर टकटक करून येतो का गं?" त्यांनी त्या दिवशीही विचारलं. "सांगून मारणं म्हणजे काय? खोट्या वाराचीच धाकटी बहीण."

"सॉरी, सर," पेन्सिल म्हणाली. आणि पुढच्या फेरीला पुन्हा धप्.

*

घरी त्यांचा नवरा औषधाची बाटली उजेडाकडे धरून उभा होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस, आता रोज संध्याकाळी बायकोच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा आणि तेही असं, की जणू अरुंद गल्लीत बस मागे घेतोय.

"वर बघ. हलू नकोस."

"हलत नाहीये. तुमचा हात हलतोय."

काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही, राहिलं ते सांभाळायचं. उजवा डोळा चांगला होता. डाव्यात समोरचा एक धुरकट कवडसा तेवढा उरला होता, आणि डावी बाजू म्हणजे तिथे काही नव्हतंच. अंधारसुद्धा नव्हता. हे कोणाला समजावून सांगणं कठीण, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. मुलाला नाही, कारखान्यात नाही, शाळेत तर मुळीच नाही.

"डाव्या बाजूचा आरसा फुटला," नवरा बाटलीचं झाकण लावत म्हणाला, "की आम्ही गाडी डेपोत लावायचो. आरसा बसेपर्यंत रस्त्यावर नाही."

"मी काय बस आहे?"

"नाही ना. बसला दुसरा आरसा मिळतो."

त्यांनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाल्या, कार्यक्रम होऊ दे, मग सांगते. एकदा शेवटचा गोल नीट पार पडू दे. कोणाला कळायच्या आत, कोणी कीव करायच्या आत, आपल्या पायांनी बाहेर पडायचं. इतकंच मागणं होतं त्यांचं. ते त्यांना फार मोठं वाटत नव्हतं.

"आणि पोरांचा एखादा वार बसला तर?"

"आजवर बसलाय?"

त्याने झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं. बाटली कपाटात ठेवायला स्वयंपाकघरात गेला, सपाता फटाफट वाजवत.

"पाय उचलून चाला हो जरा," त्या मागून ओरडल्या. "हल्ली काय लावलंय हे. घरात घोडा बांधल्यासारखं वाटतं."

"वय झालं," तो आतून म्हणाला.

*

पाय आपटण्याच्या खोडीवर सरांनी आपल्या पद्धतीने उपाय काढला. कारखान्यात गालिच्याखाली घालायच्या जाड मऊ कापडाचे उरलेले तुकडे पडून होते. मालकीणबाईंना विचारून त्यांनी ते उचलले, आणि कार्यक्रमाच्या आधीच्या वर्गाला जेवणाच्या दालनात अंथरले.

"आता आपटा पाय," त्या मोठ्या समाधानाने म्हणाल्या. "बघू कुठून आवाज येतो ते."

मुलं कापडावर उभी राहिली. एकमेकांकडे बघायला लागली. कापड इतकं जाड होतं की डबा त्यावर उडी मारून बघत होता आणि उडीचाही आवाज होत नव्हता.

"सर, आज समोरासमोर करूया ना," पेन्सिल म्हणाली.

"का? गोलाला काय झालं?"

"काही नाही. असंच."

"असंच असेल तर गोल."

गोल झाला. पहिला वार समोरून, दुसरा उजवीकडून, दोन्ही त्यांनी सहज परतवले. मग मागून कोणीतरी आलं, कापडावरही श्वासाचा अंदाज लागला. मुलं जपून येत होती, नको तितकी जपून, आणि डावीकडून कोणी येतच नव्हतं.

"डावी बाजू झोपली का?" सर गरजल्या. "या की."

डावीकडे डबा होता. आज्ञा म्हणजे आज्ञा. त्याने पाय आपटला, सवयीने. आवाज झाला नाही. सुरळी मात्र आली, शिकवल्यासारखी, नेम खरा आणि जोर मापाचा.

ती सरांच्या डाव्या भुवईवर बसली.

लागलं काहीच नाही. वर्तमानपत्र ते. पण सरांचा हात अर्धा वर येऊन तिथेच राहिला होता. सुरळी आली कधी, हेच त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी सगळी मान वळवून डावीकडे पाहिलं, तेव्हा त्यांना डबा दिसला, रडवेला, आणि त्याच्या मागे बाकीचे चेहरे. त्यांना जे बघून धक्का बसला ते हे, की त्या चेहऱ्यांवर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

पेन्सिल पायाच्या अंगठ्याने कापडाचा धागा उकरत होती.

"कधीपासून?"

"सहामाहीच्या आधीपासून," पेन्सिल म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही मान वळवायला लागलात. आधी नुसते डोळे वळवायचात. आमची आजी पण अशीच मान वळवते. तिच्या डावीकडून जाताना आम्ही काहीतरी वाजवत जातो, नाहीतर दचकते ती."

"आणि हे सगळे?"

"मी नाही सांगितलं त्यांना. त्यांचं त्यांना कळलं."

"मला सगळ्यात शेवटी कळलं, सर," डबा नाक पुसत म्हणाला. "मला वाटलं ती नवीन स्टेप आहे."

एरवी यावर दालन डोक्यावर घेतलं गेलं असतं. आज कोणी हसलं नाही. सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. इतके दिवस आपण या पोरांना खोटेपणाबद्दल व्याख्यानं देत होतो, आणि पोरं आपल्याला सांभाळून घेत होती, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला सांभाळावं तशी. आणि आपण मधे उभ्या, तोऱ्यात.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला खोटे वार करत होता," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्याहून कोरडा निघाला.

पेन्सिलने मान वर केली. कमी बोलणारी ती मुलगी, पण या एका गोष्टीवर ती गप्प बसणार नव्हती.

"नाही, सर. नेम कपाळावरच होता. नुसती चाहूल दिली."

त्या हात धुवायला म्हणून मागच्या मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. आरशात भुवई तशीच होती, खूणसुद्धा नव्हती. रागवायला काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी पुष्कळ शोधलं. पण डोक्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येत होती. या पोरांना आपण काय सांगत आलो? डोळे उघडे ठेवा. हात बघू नका, माणूस बघा. मग त्यांनी बघितलं, तर चुकलं कुठे? आणि डॉक्टरीणबाईंना यंत्र लावून जे कळलं ते या आठवीतल्या काडीला नुसत्या मानेच्या वळण्यावरून कळलं. कोणी शिकवलं हिला?

नळ बंद करेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर एक चोरटं हसू आलं होतं. ते त्यांनी पदराला पुसलं, म्हणजे त्या वेळी पदर नव्हता, कराटेच्या पांढऱ्या झग्याची बाही होती, आणि बाहेर आल्या.

"कार्यक्रमात मधे पेन्सिल उभी राहील," त्यांनी जाहीर केलं. "मी गोलात. शेवटचा वार माझा."

पेन्सिल पांढरीफटक पडली. "मी नको, सर. माझे डोळे मिटतात. अगदी शेवटी."

"माहितीये. तेवढं एकच राहिलंय तुझं." सरांनी तिला समोर उभं केलं. "हात कुठे येतो ते बघतेस म्हणून मिटतात. हात बघू नकोस. छपराखालून माझ्याकडे बघ. पावसात ओसरीवर उभं राहून माणूस बाहेर बघतो ना, तसं. छप्पर आपलं काम करतंय, आपण बघायचं काम करायचं."

त्यांनी हात उगारला. पेन्सिलचा हात वर गेला, डोळे मिटले. पुन्हा. पुन्हा मिटले. मुलं भोवती बसून बघत होती. कोणीतरी कापडाची गुंडाळी करून त्यावर डब्याला बसवलं होतं.

"सर, कार्यक्रमात खरा मारणार?" पेन्सिलने विचारलं.

"खोटा मारला तर तुझा अपमान होईल."

*

कार्यक्रमाच्या सकाळी सरांनी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. खुर्चीवर न बसता, उभ्यानेच. मुख्याध्यापिका चांगल्या बाई होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, की मग पुढे कसं.

"पुढे मला डावीकडे भिंत लागेल," सर म्हणाल्या. "भिंतीला लागून उभी राहून शिकवीन. आणि एक मोठं माणूस जोडीला लागेल. गोलात मी उभी राहणार नाही. ते संपलं."

शेवटचे दोन शब्द त्यांनी आदल्या दिवसापासून तोंडात घोळवले होते.

संध्याकाळी दालनात खुर्च्या कमी पडल्या. पालक भिंतीला टेकून उभे होते. सरांचा नवरा मागे दारापाशी होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, बसच्या शेवटच्या थांब्यावर उतारूंची वाट बघावी तसा. पेन्सिलची आजी पहिल्या रांगेत, मान पूर्ण वळवून वळवून सगळं न्याहाळत होती. सर तिच्या उजव्या बाजूने पुढे गेल्या आणि वाकून नमस्कार केला.

गोल झाला. मधे पेन्सिल उभी राहिल्यावर पालकांत कुजबुज झाली. दरवर्षी मधे सर असतात, यंदा ही काडी? सरांनी ती कुजबुज ऐकली. इतक्या वर्षांची ती जागा, फरशीच्या त्या काळ्या चौकोनावरची, दुसऱ्या कोणाच्या पायांखाली त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

आज कापड नव्हतं, आणि आज कोणी पाय आपटला नाही. सुरळ्या समोरून आल्या, मागून आल्या, डावीकडून आल्या. पेन्सिलचा हात प्रत्येक वेळी वर गेला आणि सुरळी घसरून बाजूला झाली. डब्याचा वार इतका खरा होता की त्याची आई खुर्चीतून उठली. तोही घसरला.

मग सर पुढे आल्या. सुरळी नाही, नुसता हात. समोर उभ्या राहून त्यांनी पेन्सिलच्या कपाळाकडे बघितलं, जिथे घामाने केस चिकटले होते, आणि तिथेच मारलं. नेम खरा. जोर मापाचा असायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मापापेक्षा चिमूटभर जास्तच होता.

हाडावर हाड आपटल्याचा आवाज दारापर्यंत गेला. सरांचा हात त्या उतरत्या छपरावरून घसरून बाहेर गेला, आणि कळ थेट कोपरापर्यंत आली. पण त्यांचं लक्ष कळेकडे नव्हतं. त्या उजव्या डोळ्याने, शाबूत, लख्ख डोळ्याने बघत होत्या. हाताखाली दोन डोळे होते. टक्क उघडे. त्यांच्याकडेच बघत.

टाळ्या पडल्या तेव्हा पेन्सिलने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. सरही वाकल्या. रीतीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेल्या राहिल्या.

*

घरी चालत निघाले दोघं. दिवे नुकतेच लागले होते. दुकानांपुढची गर्दी ओसरली होती.

"बघू हात," नवरा म्हणाला.

त्यांनी बाही वर केली. मनगटाच्या वर निळा डाग उमटायला लागला होता, चांगला रुंद. दुकानाच्या उजेडात थांबून त्याने तो नीट पाहिला.

"घरी गेल्यावर काहीतरी लावू."

"काही नको," त्या म्हणाल्या. "राहू दे चार दिवस." आणि बाही खाली केलीच नाही. समोरून कारखान्यातली एक बाई आली, तिने विचारलंच, हे काय लागलं. "लागलं नाही गं," सर म्हणाल्या, "माझ्या एका मुलीला जमलं." त्या बाईला काही उमगलं नाही, पण तिने मान डोलावली.

कोपऱ्यावर वळताना नवरा मागून फिरून त्यांच्या डाव्या हाताला आला. तो कायम डावीकडूनच चालतो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. वाहत्या रस्त्याच्या बाजूला, जिथे त्यांच्यासाठी काही नव्हतंच. तिथून सपातांचा आवाज येत होता, फटाफट, फटाफट, रिकाम्या फुटपाथवर उगाचच मोठा.

पाय उचलून चाला, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्या आवाजाच्या बरोबरीने चालत राहिल्या.